मेहबूबभाईंच्या हिरड्या

दात दुखायला लागला की माणूस आधी देवाला बोलतो, मग घरच्यांना बोलतो, मग लवंग चघळतो आणि सगळं करून थकला की डॉक्टरकडे येतो. सत्तरच्या दशकात सोलापुरात मी दवाखाना चालवत होते, तेव्हा हा क्रम इतका ठरलेला होता की जिना चढून येणाऱ्याच्या तोंडाला लवंगेचा वास आला की मी चिमटा उकळायला टाकत असे.

दवाखाना साखर पेठेत, एका चादरीच्या दुकानाच्या माडीवर होता. मागच्या गल्लीत दिवसभर मागांचा खटखटाट. लग्न होऊन मी सोलापुरात आले आणि पाटी लावली, तेव्हा लोकांना दोन गोष्टी पटत नव्हत्या. दातांसाठी वेगळा डॉक्टर असतो, ही एक. आणि तो डॉक्टर म्हणजे बाई असू शकते, ही दुसरी. त्यात माझा मदतनीस इरप्पा. अक्कलकोटकडचा, तालमीत वाढलेला, छाती दारात मावत नसे. पेशंट आत यायचा, इरप्पाला वाकून नमस्कार करायचा आणि मला म्हणायचा, "शिस्टर, वाईच पानी द्या."

मी पाणी द्यायची. मग चिमटा हातात घेऊन उभी राहिले की माणसाचे डोळे विस्फारायचे.

"तुमी काढनार? आन् हे?"

"मी डोकं धरतो," इरप्पा म्हणायचा.

माझं कॉलेज मुंबईचं. तिथं शिकवलं होतं की दात वाचवणं हे दंतवैद्याचं खरं काम. सोलापुरात आल्यावर कळलं की लोक दात वाचवायला येतच नाहीत, ते निकाल लावायला येतात. त्यातही दोन तऱ्हा. किडलेला दात आरडाओरडा करतो, त्यामुळे त्याच्याकडे निदान लक्ष तरी जातं. हिरड्यांचा रोग, ज्याला सगळे पायोरिया म्हणत, तो मात्र वर्षानुवर्षं गप्प असतो. घासताना थोडं रक्त येतं, तोंडाला वास येतो, दात लांब दिसायला लागतात. दुखत काहीच नाही. आणि एके दिवशी भाकरीच्या तुकड्याबरोबर दात हातात येतो. असे कितीतरी लोक पडलेला दात स्वच्छ धुऊन, रुमालात बांधून माझ्याकडे आणत आणि जवळजवळ तक्रारीच्या सुरात विचारत, "बगा की बाई, दाताला कीड न्हाय, डाग न्हाय. मग पडला कशापायी?"

त्यांचं बरोबरच होतं. झाड निरोगी होतं, माती वाहून गेली होती.

हे लोकांना समजावून सांगता सांगता माझा घसा बसायचा. "दातावर जंतूंचा थर बसतो," असं म्हटलं की समोरचा माझ्याकडे मी त्याच्या घराण्याबद्दल वाईट बोलल्यासारखं बघायचा. माझे यजमान कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या प्रयोगशाळेतला एक जुना मायक्रोस्कोप कॉलेजनं मोडीत काढला, तो त्यांनी घरी आणला. मी तो दवाखान्यात नेऊन खिडकीत ठेवला. वीज लागत नसे. खालचा आरसा उन्हाकडे वळवला की झालं, आणि सोलापुरात ऊन ही काही कमी पडणारी गोष्ट नव्हती.

पहिला मान इरप्पाचा. तो रोज कडुलिंबाच्या काडीनं दात घासायचा आणि त्याचा त्याला फार अभिमान. मी त्याच्या दाढेमागून, हिरडीच्या कडेचा पांढुरका बुळबुळीत कण खरवडून काढला, काचेवर थेंबभर पाण्यात कालवला आणि त्याला बघायला बोलावलं. त्यानं एक डोळा मिटला. दुसरा नळीला लावला.

"बाई, हे कुनाचं?"

"तुझंच."

"ह्ये वळवळतंय ते?"

"तेही तुझंच."

त्या दिवशी दुपारी इरप्पानं डबा उघडला नाही. मी विचारलं तर तोंड फिरवून म्हणाला, "मी खाल्लं तर त्यांचंच प्वाट भरतंय की." दुसऱ्या दिवशी भूक सहन न होऊन तो जेवला, पण जेवल्यावर चूळ भरता भरता त्यानं मोरी अडवून ठेवली.

ही बातमी इरप्पानंच पसरवली. मग नुसता मायक्रोस्कोप बघायला लोक येऊ लागले. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली एक सासू आणि तिची सून एकदा आल्या. सासू मिश्री लावणारी, सून टूथपेस्टवाली, आणि घरात त्यावरून वाद. दोघींच्या तोंडातलं मी दोन काचांवर घेतलं. आधी सुनेनं सासूचं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते माहेरी निघतानाही दिसलं नसेल. मग सासूनं सुनेचं बघितलं. तिनं तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि सुनेचा चेहरा पडला. त्या काय म्हणाल्या असं मी विचारलं, तर सून पुटपुटली, "म्हणतात, माझ्याकडचे निदान लठ्ठ तरी आहेत, खाऊनपिऊन. तुझ्याकडचे उपाशी दिसतात."

अशा दिवसांत मेहबूबभाई आले.

त्यांना न ओळखणारा माणूस सोलापुरात मिळाला नसता. त्यांचा लग्नाचा बँड होता, आणि बँडच्या पुढे स्वतः मेहबूबभाई क्लॅरोनेट वाजवत चालायचे. अक्कलकोटपासून माळशिरसपर्यंत लोक आधी त्यांची तारीख विचारत आणि मग भटजींना मुहूर्त काढायला सांगत. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, पांढरे शुभ्र कपडे. खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात.

"पहले वादा करो बाई. दांत काढायचं नाव नक्को."

"आधी बघू तर द्या."

"सगळे बघतात आणि काढू म्हणतात. दोन डॉक्टरांनी बघितलं. सब निकालो आणि कवळी बसवा बोलते. कवळी लावून क्लॅरोनेट कसं वाजणार? फुंकलं की कवळी आधी बाहेर, सूर मागून!"

क्लॅरोनेट वाजवताना त्याचं टोक वरच्या पुढच्या दातांवर टेकवतात. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून टोकाला बांधलेल्या बोरूच्या पातळ पत्तीखाली धरतात. म्हणजे सगळा भार त्या समोरच्या दातांवर. मेहबूबभाईंनी शेवटी तोंड उघडलं आणि मला त्यांची भीती समजली. वरचे समोरचे चारही दात हलत होते. हिरड्या जांभळ्या, फुगलेल्या, हात लावला की रक्त. दातांच्या मागे तंबाखूनं काळं झालेलं कीटण इतकं जाड होतं की मागून दात दिसतच नव्हते. डावीकडचा मधला दात तर बोटानं पुढेमागे होत होता.

"वाजवताना काय होतं?"

"सुरात राहतो, पण दात बेसूर होतो," ते म्हणाले. "वरच्या पट्टीत गेलो की दात हलतो, हवा सुटते. रज्जाक विचारतो, चाचा, हे काय फुसफुसतंय?"

रज्जाक म्हणजे त्यांच्या बँडचा ट्रंपेटवाला. त्याला मेहबूबभाईंच्या जागेवर पुढे चालायची फार घाई होती, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

मी त्यांच्या हिरडीच्या खिशातून, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी खोल फट झाली होती तिच्यातून, थोडंसं काढून काचेवर घेतलं. अशा खोल फटीतले जंतू इरप्पाच्या जंतूंसारखे नसतात. मळसूत्रासारखे पिळदार, सळसळत पोहणारे, घोळक्यानं घुमणारे. मेहबूबभाई खिडकीशी वाकले. इरप्पानं आरसा धरला. मी त्यांना किळस येण्याची वाट बघत होते.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "ये तो बारात हय, बाई! बाजा नै, कुछ नै, फिर भी कैसे नाच रै देखो!"

ते हटेनात. इरप्पाला बोलावून दाखवू लागले की हा बघ, हा दारू पिऊन आलाय, हा नवऱ्याचा मामा. माझ्या आयुष्यात स्वतःच्या तोंडातले जंतू इतक्या कौतुकानं बघणारा दुसरा पेशंट झाला नाही.

मग मी त्यांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. दातावरच्या जंतूंच्या थराला आता बायोफिल्म म्हणतात, आणि त्याची माहितीही आता कितीतरी जास्त झालीये. आम्ही नुसतं प्लाक म्हणायचो. पण मूळ गोष्ट तीच. दात कितीही लख्ख घासा, थोड्याच वेळात त्यावर लाळेचा पातळ लेप बसतो. त्या लेपावर पहिले जंतू येऊन चिकटतात. ते तसे गरीब. त्यांच्या अंगाला धरून दुसरे येतात, दुसऱ्यांना धरून तिसरे. सगळे मिळून आपल्याभोवती चिकट खळीसारखं काहीतरी तयार करतात आणि त्यात राहतात. वरचे हवा वापरून टाकतात, म्हणून ज्यांना हवा सोसत नाही तेही खाली सुखानं नांदतात. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. नुसती चूळ भरली किंवा गोळी घेतली तर वरवरचे मरतात, आतल्यांना पत्ताही लागत नाही. आणि हिरडी सुजून रक्त यायला लागलं की सगळ्यात खोडकर जे आहेत त्यांची चंगळ, कारण त्यांना रक्तच लागतं.

"गिरणीत लागायला गावचा एक माणूस येतो," मी उदाहरण दिलं, "खोली घेतो. मग भाऊ येतो, मग मेव्हणा, मग मेव्हण्याचा मित्र. तसंच."

खुर्चीमागे मेहबूबभाईंचं डोकं धरून उभ्या असलेल्या इरप्पानं हात सोडला. तो स्वतः अक्कलकोटहून तसाच आला होता, भावाच्या खोलीवर.

"म्हंजे आमी जंतू का वो बाई?"

ते उदाहरण मी पुन्हा कधी दिलं नाही.

मेहबूबभाईंना मी एक गोष्ट मात्र लपवली नाही. दाताभोवतीचं हाड ते जंतू स्वतः फारसं खात नाहीत. त्यांच्याशी लढता लढता आपलंच शरीर आपलं हाड झिजवतं. गेलेलं हाड परत येत नाही. जे उरलंय तेवढं टिकवता येईल. त्यासाठी हिरडीखालचं सगळं कीटण हातानं खरवडून काढावं लागेल, तंबाखूचं पान बंद, रोज दोनदा मी सांगते तसे दात घासायचे, आणि दात आवळून बसेपर्यंत क्लॅरोनेटला हात लावायचा नाही.

पानाचं ऐकून ते हसले. क्लॅरोनेटचं ऐकून उठून उभे राहिले.

"बाई, लगीनसराई तोंडावर आहे."

"म्हणूनच तोंड सांभाळा."

ते 'सोचता' म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, त्यांच्या बायको आल्या. जैनबभाभी. बुरख्याची जाळी वर केली आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "बाई, त्यांनी तुम्हाला बाज्याचं सांगितलं असेल. बाजा गेला खड्ड्यात. वासाचं काय ते करा."

मी हातातला चिमटा खाली ठेवला.

"कितीक साल झाले, मी भिंतीकडे तोंड करून झोपते. त्यांना वाटतं मी रुसले. मी रुसले नाही, बाई, मी श्वास घेते."

इरप्पा घाईघाईनं काहीतरी शोधायला बाहेर गेला. पडद्यामागून त्याचं दबलेलं हसू ऐकू येत होतं. भाभी मात्र अगदी गंभीर होत्या. मी त्यांना सांगितलं की वास त्या जंतूंचाच, साफ झालं की तोही जाईल. त्यांनी मान हलवली, जाळी खाली केली आणि जाता जाता म्हणाल्या, "मग उद्या येतात ते. कसे येत नाहीत बघते."

दुसऱ्या दिवशी मेहबूबभाई माझ्याआधी जिन्यावर बसलेले होते.

कीटण काढणं हे दगड फोडण्यासारखं काम आहे, फक्त दगड दाताला चिकटलेला आणि दात माणसाला. भूल देऊन, बारीक आकड्यांनी, एकेका दाताच्या मुळाशी शिरून मी खरवडत असे. ढलप्या निघायच्या त्या मेहबूबभाई तबकात घेऊन बघायचे. "एवढं माझ्या तोंडात होतं? यात तर सिद्धेश्वर तळ्याचा तट बांधून निघेल." काही बैठका झाल्या. हिरड्यांची सूज उतरायला लागली, रक्त थांबलं. पण एक अडचण होतीच. कीटणाचा आधार निघाला की हलणारे दात काही दिवस आणखी हलतात. पेशंटला वाटतं, डॉक्टरनंच हलवले. हिरड्या थोड्या सुकल्या की ते चार दात मी बारीक तारेनं एकमेकांना बांधणार होते. तोवर क्लॅरोनेट बंद.

तेवढ्यात श्रीपूरचं लग्न आलं. साखर कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी. सुपारी कधीच दिलेली होती. मेहबूबभाईंनी मला शब्द दिला की ते फक्त हातात काठी घेऊन पुढे चालतील, वाजवेल रज्जाक.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते जिन्यात उभे होते. मान खाली. हातातला रुमाल त्यांनी उघडून माझ्यापुढे धरला. आत तो डावीकडचा मधला दात.

मला इतका राग आला की मी किल्ली कुलपात घालायची विसरले.

"मैं नै बजाया बाई," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पहले नै बजाया."

वरातीत रज्जाकनं ट्रंपेट सुरू केलं. एकटं ट्रंपेट म्हणजे पोलीस परेड. नवऱ्याची घोडी बिथरली आणि उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत शिरली. नवरदेव कसाबसा खाली उतरला. पाहुणे हसायला लागले. आणि मुलीचे वडील, ते अधिकारी, हात जोडून मेहबूबभाईंसमोर आले. म्हणाले, माझ्या स्वतःच्या लग्नात तुम्हीच वाजवलं होतं. आज माझ्या पोरीसाठी एकच गाणं वाजवा, मग काही मागणार नाही.

"मग?"

"मग काय बाई. तुमच्या मुलीचं लगीन असतं तर तुम्हीच बोलला असता."

त्यांनी वाजवलं. कडव्यातून वरच्या पट्टीत गेले आणि दात निसटला. जिभेवर आला.

"मग थांबलात?"

"थांबतो कसा? नवरी रडायला लागली होती, सगळ्या बायका रडत होत्या. इतकं रंगलं होतं. दात गालात दाबला आणि गाणं पुरं केलं. रज्जाकला वाटलं, चाचानं सुपारी ठेवलीय."

इरप्पा भारावून त्यांच्याकडे बघत होता. मी रागवायचं ठरवलं होतं, पण खुर्चीत बसलेल्या त्या माणसाच्या ओठाखाली आता भलीमोठी खिडकी पडली होती आणि तिच्यातून त्याचं 'स'चं 'फ' होत होतं. त्यानं स्वतः "फूर" म्हटलं, म्हणजे सूर, आणि ते ऐकून त्याचा चेहरा असा उतरला की माझा राग कुठल्या कुठे गेला. आता खरंच त्यांचं वाजवणं संपतंय की काय, ही भीती आम्हा तिघांनाही एकदमच वाटली. बाकीच्या तीन दातांवरच सगळा भार पडला तर तेही महिन्याभरात गेले असते.

मी त्या दाताकडे बघत राहिले. कीड नव्हती, डाग नव्हता. एकदम मला वाटलं, मुळाला धरायला हाड नसेल, पण बाकीचा दात काय वाईट आहे? त्याला शेजाऱ्यांच्या खांद्यावर बसवला तर?

पायानं चालवायच्या यंत्रावर मी त्या दाताचं मूळ कापून टाकलं. यंत्राचं पायडल इरप्पा मारत होता, शिवणयंत्रासारखं. कापलेली जागा घासून गुळगुळीत केली, भरून बंद केली. मग तो दात त्याच्या जुन्या जागी धरून दोन्ही बाजूच्या सुळ्यांपर्यंत मागून बारीक तार विणली, आणि तारेवर दातांच्या रंगाचा मसाला लावून सगळं एकजीव केलं. हे काम पुस्तकात वाचलेलं होतं, हातानं पहिल्यांदाच करत होते. मधेच तार तुटली. पुन्हा विणली. मेहबूबभाई हाताची मूठ आवळून बसले होते आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं दुआ मागताहेत. तोंड मोकळं झाल्यावर विचारलं, तर म्हणाले, "नै बाई, मनात वाजवत होतो."

आरसा दिला. त्यांचाच दात, त्यांच्याच जागी, पण मुळाशिवाय. त्यांनी आधी "सूर" म्हणून बघितलं. मग सगळी सरगम म्हटली.

त्यानंतरचं श्रेय माझं नाही, जैनबभाभींचं. त्या रोज सकाळी बॅटरी घेऊन नवऱ्याचं तोंड तपासत. तारेमागची जागा साफ करायला मी दोऱ्याची युक्ती शिकवली होती, ती त्या स्वतः उभ्या राहून करून घेत. पानदान त्यांनी बहिणीकडे पोचवलं. मेहबूबभाई यायचे ते असे गरीब तोंड करून की इरप्पाला दया यायची. "बाई, एक पान. विनातमाखू." मग मी हिरड्या बघायची. जांभळ्याच्या गुलाबी होत होत्या, दाताला घट्ट चिकटत होत्या. खिसे पूर्ण गेले नव्हते, जाणारही नव्हते, पण वाहणं थांबलं होतं. भाभी एकदा सोबत आल्या, तेव्हा मी वासाचं विचारलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि बुरख्याची जाळी खाली ओढली. मेहबूबभाईंचे कान लाल झाले. ते उत्तर मी माझ्या कामाचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक समजते.

असे पेशंट विरळा. खंत म्हणाल तर तीच. हा रोग एकदा साफ करून संपत नाही. जंतू पुन्हा पहिल्यापासून वस्ती बसवायला लागतात, रोज मोडावी लागते, आणि अधूनमधून डॉक्टरकडून खोलवर साफ करून घ्यावं लागतं. मी शेकड्यांनी लोकांना हे सांगितलं. ऐकून घेत, मान हलवत, आणि मग पुढची भेट थेट दात हातात घेऊन. "दुखत नव्हतं की बाई," असं म्हणत. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी जिना चढायचा असतो हे मी सोलापूरला काही पटवू शकले नाही. आता पटलं असेल, जुळे सोलापुरात, त्या नव्या वस्तीत, म्हणे प्रत्येक कोपऱ्यावर दाताचा दवाखाना आहे.

शेवटी मी मेहबूबभाईंना वाजवायला परवानगी द्यायचं ठरवलं. पण माझ्यासमोर, दवाखान्यात, म्हणजे काही हललं तर लगेच बघता येईल. ते सकाळी अत्तर लावून, इस्त्रीचे कपडे घालून, क्लॅरोनेटची पेटी काखेत घेऊन आले. बाहेरच्या बाकावर गर्दी होती. आत खुर्चीत मोहोळकडचे एक म्हातारबाबा बसलेले, दाढ काढायला. भूल दिलेली, तोंड बधिर व्हायची वाट बघत होतो. म्हटलं, तेवढ्यात होऊन जाऊ दे.

खुर्चीच्या मागे, खिडकीपाशी उभं राहून मेहबूबभाईंनी क्लॅरोनेट जोडलं. पत्ती जिभेनं ओली केली. टोक वरच्या दातांवर अगदी अलगद टेकवलं, जसं काही अंडं ठेवताहेत. डोळे मिटले आणि फुंकलं.

इतके दिवस बंद राहिलेली पत्ती सुकून वाकडी झाली होती. जो आवाज निघाला तो वाद्याचा नव्हता. तो कान फाडणारा, लांबलचक, जिवंत माणसाची नस ओढून काढल्यासारखा आवाज होता. मागच्या गल्लीतले माग थांबल्यासारखे वाटले.

पडद्याबाहेर बाक सरकला. मग जिन्यावर पायांचा धडधडाट. मी पडदा सारून बघते तर बाक रिकामा. एक पिशवी, दोन चपला आणि एका बाईचा अर्धा सोललेला पेरू. खुर्चीतल्या म्हाताऱ्यांनी तोंडात कापूस असतानाच उठायचा प्रयत्न केला. इरप्पानं सवयीनं डोकं धरलं.

"सोडा मला! त्या मानसाचं काय केलं, ते ऐकलं मी!"

"आवो, तो मानूस हितंच उभा हाय," इरप्पा म्हणाला. "त्यो बाजा हाय!"

मेहबूबभाई ओशाळून पत्ती बदलत होते.  दुसरी पत्ती बसवली, बांधली, मला विचारलं, "लावू?" मी मान हलवली. 

या वेळी सूर लागला. आधी खालचा, हळू, मग एक एक पायरी चढत वर. मी पुढे होऊन त्यांच्या ओठाजवळ वाकून बघत होते. दात जागेवर होते. ते वरच्या पट्टीत गेले, तिथे थांबले, मला खात्री व्हावी म्हणून मुद्दाम थांबले, आणि हवा कुठूनही सुटली नाही. मग त्यांनी परीक्षा द्यायचं सोडलं आणि गाणं सुरू केलं. पोरगी सासरी निघते तेव्हाचं, सगळ्या लग्नांत वाजतं ते.

जिन्यावर पुन्हा पाय वाजले. पण आता हळूहळू. आधी पेरूवाली बाई आली. मग चपला नसलेला माणूस. मग खालच्या दुकानातला चादरवाला, त्याचं गिऱ्हाईक, आणि दाताशी काही संबंध नसलेली रस्त्यावरची माणसं. पडदा कुणीतरी पूर्ण बाजूला सारला. इरप्पा नाक पुसत होता.

म्हातारबाबा खुर्चीत परत टेकले होते. डोकं मागे, डोळे मेहबूबभाईंवर. बधिर ओठ वाकडा करून त्यांनी मला खूण केली, "तुमी काढा की तुमचं. त्येंना थांबवू नका."

मी चिमटा घेतला. दाढ चिवट होती, तीन मुळांची, पण त्या दिवशी ती एका अंतऱ्यात निघाली. इरप्पाला डोकं धरावंही लागलं नाही. मी कापूस ठेवला, तोंड पुसलं आणि म्हटलं, "झालं बाबा. उठा आता, घरी जा."

म्हाताऱ्यांनी माझा हात बाजूला सारला.

"थांबा की वो," ते म्हणाले. "गानं संपूंद्या."